चढावर थांबलेली सेडान आणि तापलेला क्लच

बेळगावात कुणी नवी सेडान घ्यायची म्हटलं की सल्ला द्यायला निम्मी गल्ली गोळा होते. "मॅन्युअलच घे की, चोर्ला घाटात काय करणार आहेस?" असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "आता या ट्रॅफिकमध्ये कोण क्लच दाबत बसतंय?" व्हर्टस, स्लाव्हिया, व्हर्ना यांच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाला जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो तो ड्युअल क्लच जातीचा, म्हणजे डीसीटी. फोक्सवॅगन आणि स्कोडावाले त्याला डीएसजी म्हणतात. गल्लीतल्या दोन्ही पक्षांना ही गाडी पक्की ऑटोमॅटिक वाटते. खरं तर तिच्या पोटात मॅन्युअलच आहे, फक्त क्लच दाबणारा पाय तुमचा नाही. निवड करताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, गिअर कापणाऱ्या कुणासमोरही हा गिअरबॉक्स उघडून ठेवला, तर त्याला त्यात परकं काही दिसणार नाही. तेच तिरक्या दात्यांचे गिअर, तेच गिअर अलगद जुळवणारे सिंक्रो. वेगळेपण आहे ते शाफ्टमध्ये, म्हणजे गिअर बसवलेल्या दांड्यांत. एक शाफ्ट पोकळ असतो आणि दुसरा त्याच्या पोटातून जातो. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६, आणि प्रत्येक शाफ्टला इंजिनाशी जोडणारा-तोडणारा स्वतःचा क्लच. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच चौथा दुसऱ्या शाफ्टवर लावून तयार ठेवलेला असतो. गिअर बदलायचा म्हणजे एक क्लच सुटत असताना दुसरा धरायचा, एवढंच. सेकंदाच्या एका छोट्या अंशात काम उरकतं आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटत नाही. मॅन्युअलमध्ये आपण कितीही सफाईने गिअर टाकला तरी मध्ये एक रिकामा क्षण जातोच.

कल्पना जुनी आहे. अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने ती १९३९ च्या सुमारास मांडली. ऐंशीच्या दशकात पोर्शेने ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली, आणि २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून ती शोरूममध्ये आली. एवढा उशीर का? दोन क्लच अचूक जुळवून सोडणं-धरणं हे काम झटपट विचार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सशिवाय जमणारं नव्हतं.

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असतं. गाडी रांगते तेव्हा घसरण तेलात होते, तेल तापतं आणि कूलरमध्ये जाऊन निवतं. डीसीटीत तो दुवा नाही. तिथे घासतो तो क्लचच.

आता हिशोब करू. गणपतीच्या दिवसांत कपिलेश्वर पुलावर गाड्यांची रांग लागली आहे. पुढे काहीच हलत नाही, आणि ब्रेक दाबायचा कंटाळा म्हणून तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरली आहे. माणसांसकट गाडीचं वजन १४०० किलो धरा. चढ १० टक्के, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर चढणारा, असेल तर गाडीला मागे ओढणारं बल १४० किलो वजनाइतकं होतं. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) मिळून फेरे साधारण १६ पट कमी करतात, तेव्हा चाकाची त्रिज्या हिशोबात धरून क्लचवर २७ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पीळ, येतो. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. मग क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता भरते जवळपास २.८ किलोवॉट. न्हाणीघरातला गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो! पुलाचा चढ याच्या निम्मा असला तर उष्णताही निम्मी, पण ती जाते ताटलीएवढ्या क्लच प्लेटमध्ये, आणि ती प्लेट बंद डब्यात असते.

हे भौतिकशास्त्र मॅन्युअललाही चुकत नाही. हाफ क्लचवर गाडी धरली की तीच उष्णता तिथेही निघते. फरक इतकाच की तिथे डाव्या पायाला कळतं, पोटरी भरून येते, जळका वास आला की माणूस भानावर येतो. डीसीटीत पाय मोकळा असतो, म्हणून क्लच घासतोय हे लक्षातच येत नाही. थेट डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटते तेव्हा कळतं.

व्हर्टस आणि स्लाव्हियामधला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. कोरडा क्लच हलका असतो आणि इंधन वाचवतो, पण उष्णता वाहून न्यायला त्याच्याभोवती तेल नसतं. ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सात ते असतं, म्हणून तो असा छळ जास्त सोसतो. त्या बदल्यात तेल वेळेवर बदलावं लागतं. कोरड्या डीएसजीच्या नावावर एक जुना डागही आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने चीनमध्ये ३ लाख ८० हजारांहून जास्त गाड्या त्याच्यापायी परत बोलावल्या, आणि त्याच वर्षी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं, गिअरांसाठीचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायचं ठरवलं. उष्ण-दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा दोष उद्भवत होता. पुढे सुधारणा झाल्या, तरी सेकंडहँड गाडी बघणाऱ्याने गिअरबॉक्सचा सर्व्हिस रेकॉर्ड मागून घ्यावाच.

महामार्गावर मात्र डीसीटीला तोड नाही. निपाणी, संकेश्वर ओलांडून पुण्याकडे जाताना क्लच पूर्ण धरलेला, घसरण शून्य. एकच खोट आहे. गळीत हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आडवा येतो. त्याच्यामागे वेग कमी केल्यावर तुम्ही अचानक अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबता. पाचव्यातून थेट तिसरा हवा असतो, पण दोन्ही एकाच शाफ्टवर! दुसऱ्या शाफ्टवरचा गिअर मध्ये घ्यावा लागतो आणि गाडी क्षणभर विचारात पडते. मॅन्युअलवाला तोवर तिसरा टाकून मोकळा झालेला असतो. हे टाळायचं तर ओव्हरटेक करण्याआधीच स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घ्या.

चोर्ला उतरतानाही हाच उपाय. डी मध्ये ठेवून दिली तर गाडी वरचा गिअर धरते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हाताने दुसरा किंवा तिसरा धरला की इंजिनच गाडी आवरतं. चोर्ल्याच्याच वाटेवरच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात बॅटरी बसली तर मॅन्युअल चार जणांनी ढकलून चालू होते, डीसीटी होत नाही. क्लच प्लेट बदलायलाही मॅन्युअलला गल्लीतला मेकॅनिक पुरतो. डीसीटीला खास हत्यारं लागतात आणि नंतर संगणक लावून क्लचचं जुळवणं करावं लागतं.

मला विचाराल तर, रोज खडेबाजार आणि गणपत गल्लीतून रांगायचं असेल तर डीसीटीही नको आणि मॅन्युअलही नको, टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीवाली (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) बघा. पुणे, हुबळी, गोवा अशा फेऱ्या जास्त असतील तर डीसीटी बिनधास्त घ्या. मात्र चढावर ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं, म्हणजे संगणक क्लच सोडवून ठेवतो, आणि पुढे गाडीभर जागा झाल्याशिवाय हलायचं नाही. ही शिस्त घरातल्या सगळ्यांकडून पाळली जाणार नसेल तर मॅन्युअल बरी.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट रस्त्यावरून फेरी मारून आणतात. तुम्ही गाडी चढावर न्या, थांबवा, इंचाइंचाने पुढे घ्या. मग त्याच चढावर तोंड खाली करून रिव्हर्सने वर चढवा. रिव्हर्स या डीएसजीत दुसऱ्या क्लचवर असतो, आणि तो धक्का देतो का हे सपाटीवर कळत नाही.