मूळव्याध की फिशर? आधी सांगा, दुखतं का

शौचाच्या जागी काहीही झालं की आपण त्याला एकाच नावाने हाक मारतो. रक्त पडलं, मूळव्याध. आग झाली, मूळव्याध. धुताना बोटाला कोंब लागला, मग तर पक्की मूळव्याध. दुखण्याची जागा दाखवायची सोय नाही, बोलायची लाज, त्यामुळे एक शब्द उच्चारला की सुटका होते. अडचण एवढीच की हा शब्द घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांना मूळव्याध नसतेच. त्यांना फिशर असतं, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. टाचेला भेग पडते हे आपल्याला माहीत असतं, पण तशीच भेग इथेही पडू शकते, हे डोक्यात येत नाही.

दोन्हींची जागा एक, दोन्हींत लाल रक्त, दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा कुंथण्याची सवय. तरी शरीराच्या आत जे बिघडलेलं असतं ते अगदी वेगळं आहे. मूळव्याधीत आतली गादी सैल होऊन खाली घसरलेली असते. फिशरमध्ये स्नायू आवळून बसलेला असतो. एवढं कळलं की कोणाला दुखतं, कोणाला नाही, मलम कुठलं आणि शस्त्रक्रिया कुठली, याची संगती आपोआप लागते.

आधी मूळव्याध. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात, तान्ह्या बाळालाही. बहुधा तीन. रुग्णाला उताणं झोपवून घड्याळाची तबकडी कल्पिली, तर साधारण ३, ७ आणि ११ च्या आकड्यांवर. नळाला वायसर असतो तसं यांचं काम: स्नायूने दार मिटलं तरी उरणारी फट या गाद्या भरून काढतात, म्हणून वारा आणि पाणी आपोआप सुटत नाही. म्हणजे गाद्या असणं हा रोग नाही. वर्षानुवर्षं कुंथून, तासन् तास बसून, गरोदरपणातल्या दाबाने किंवा नुसत्या वयाने त्यांना धरून ठेवणारे धागे ढिले पडतात, गाद्या फुगतात आणि खाली सरकतात. मग त्यांना मूळव्याध म्हणायचं.

गुदद्वारापासून साधारण २ सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरचं अस्तर आतड्याचं, खालचं कातडीचं. वरच्या भागाला ताण, भरल्यासारखं वाटणं समजतं, पण टोचलेलं, कापलेलं कळत नाही. खालचा भाग मात्र बोटाच्या टोकाइतका हळवा. आतली मूळव्याध या रेषेच्या वर उगवते, म्हणून तिचं रक्त जातं आणि दुखत नाही. शौच झाल्यावर थेंब थेंब गळतं, कधी भांड्यात शिंतोडे उडतात, माणूस ते बघून घाबरतो. आणि विचारलं तर सांगतो, ‘दुखत काहीच नाही हो.’ हे वाक्य निदानाच्या दृष्टीने सोन्यासारखं आहे.

गाद्या किती घसरल्या यावरून चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त रक्त जातं, बाहेर काही येत नाही. दुसरीत कुंथताना मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही आत राहत नाही. डॉक्टर ‘तुमची ग्रेड टू आहे’ म्हणतात ते हेच.

फिशरची गोष्ट निराळी. कडक खडा बाहेर पडताना दातेरी रेषेखालची कातडी उभी चिरते. कधी कधी जुलाबाच्या माऱ्यानेही चिरते. ही जखम हळव्या भागात असल्याने शौचाच्या वेळी काच कापत जावी तशी कळ येते. तेवढ्यावर भागत नाही. शौच उरकलं तरी ठणका सुरू राहतो, काही मिनिटं किंवा चक्क काही तास. लोक कामावर उभ्याने दिवस काढतात. रक्त येतं ते थोडं: मळावर एखादी रेघ, पुसताना कागदावर डाग.

नंतरचा ठणका जखमेपेक्षा स्नायूचा जास्त असतो. गुदद्वाराला दोन कडी आहेत. बाहेरचं आपल्या हुकमात, आतलं नाही. चीर पडली की आतलं कडं दुखऱ्या जागेवर आवळून बसतं. ते आवळलं की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि रक्त न पोचलेली जखम भरत नाही. दर दहातल्या सुमारे नऊ चिरा बरोबर मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने असतात, आणि नेमकी तिथेच रक्ताची ये-जा मुळात कमी. त्यात माणूस दुखण्याच्या धास्तीने शौच लांबवतो. आतड्यात थांबलेला मळ आणखी वाळतो, खडा होतो आणि पुन्हा तिथेच चिरतो. लहान मुलांत हे चक्र फार लवकर पक्कं होतं. तान्ह्या आणि छोट्या मुलांना शौचातून लाल रक्त आलं तर बहुतेकदा कारण फिशर असतं. त्या वयात मूळव्याध क्वचितच होते.

मग एवढा फरक असताना गोंधळ का होतो?

पहिलं कारण तो बोटाला लागणारा कोंब. फिशर दीड-दोन महिन्यांपेक्षा जुनं झालं की चिरेच्या बाहेरच्या टोकाशी कातडीचा एक लोंबता तुकडा तयार होतो. सर्जन त्याला सेंटिनल टॅग म्हणतात, म्हणजे पहारेकरी. रुग्णाला तोच हाताला लागतो, चीर काही लागत नाही. म्हणून ‘मोड आलाय’ अशी खात्री पटते आणि मूळव्याधीची मलमं सुरू होतात. माझ्या मते निम्मा घोळ या पहारेकऱ्याने घातलाय.

दुसरं कारण, दुखणारी मूळव्याधही असते. दातेरी रेषेखालच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तर एका दिवसात, कधी काही तासांतच निळसर, टणक, वाटाण्याएवढी गाठ येते आणि बसवत नाही. पण ते दुखणं शौचाच्या वेळेशी बांधलेलं नसतं, सतत असतं. पहिले दोन-तीन दिवस कडक, मग ओसरत जातं. गुठळी काढायची तर पहिल्या ७२ तासांतच काढण्यात अर्थ. त्यानंतर कोमट पाणी, वेदनाशामक आणि धीर यांवरच निभावतं. तिसरं कारण सांगायलाच हवं: दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, कारण कुंथणं दोघांचंही खाद्य आहे.

तपासणीची धास्ती बहुतेकांना दुखण्यापेक्षा मोठी वाटते. प्रत्यक्षात डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून नुसतं अलगद फाकवून बघितलं तरी फिशर बहुधा दिसतं. इतकं दुखत असताना बोट किंवा नळी घालण्याचा हट्ट चांगला डॉक्टर धरत नाही. ठणका कमी झाल्यावर पुढच्या भेटीत ते होतं. मूळव्याधीचं उलटं. आतली मूळव्याध मऊ असल्याने बाहेरून दिसत नाही आणि बोटालाही सहसा लागत नाही, ती बघायला प्रॉक्टोस्कोप ही छोटी नळी घालावीच लागते. म्हणून न तपासता, खुर्चीत बसल्या बसल्या मिळालेलं ‘मूळव्याधीचं’ निदान मी निदान मानत नाही.

उपचारांचा पहिला टप्पा दोन्हींत एकच: मळ मऊ करणं. कंटाळवाणं वाटतं, पण सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, पोटात जायला हवेत. जेवणातून जमत नसेल तर इसबगोल, सोबत भरपूर पाणी. कमी पाण्यावर घेतलेलं इसबगोल उलट अडकून बसतं. तंतू एकदम न वाढवता आठवडा-दोन आठवड्यांत वाढवावेत, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस प्रयोग सोडून देतो. लागली की जायचं, पाच-सात मिनिटांत उठायचं, फोन बाहेर ठेवायचा. तंतूंनी मूळव्याधीचं रक्त जाण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर आढळलंय. फिशर नवं असेल तर मऊ मळ आणि दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसणं, एवढ्यावर बरीच फिशरं भरतात. कोमट पाण्याने स्नायू सैलावतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यात काही मिसळायची गरज नाही.

इथून पुढे वाटा फुटतात.

फिशर भरत नसेल तर आवळलेला स्नायू सैल करायचा. त्यासाठी डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम असतं. दोन्ही मुळात हृदयाच्या आजारांत वापरली जाणारी औषधं. इथे ती कड्याचा स्नायू ढिला करून रक्त वाढवतात. नायट्रोग्लिसरीनने बऱ्याच जणांचं डोकं ठणकतं, आणि सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रासारखी) गोळी घेणाऱ्याने ते मुळीच वापरू नये, रक्तदाब धोकादायक खाली येतो. डिल्टियाझेम त्या मानाने सोसतं. मलम सहा ते आठ आठवडे नेमाने लावावं लागतं. चार दिवसांत ठणका थांबतो आणि लोक मलम सोडतात. चीर तेव्हा अर्धीच भरलेली असते. त्यानेही भागलं नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन, आणि शेवटी लॅटरल स्फिंक्टरोटॉमी: आतल्या कड्याचा थोडासा भाग बाजूने कापून ताण उतरवायचा. दहातली नऊपेक्षा जास्त फिशरं याने भरतात. किंमत अशी की काहींचा वाऱ्यावरचा ताबा थोडा सुटतो. म्हणून बाळंतपणात इजा झालेल्या बाईवर किंवा ज्यांचं कडं आधीच दुबळं आहे त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया फार विचार करून करतात.

मूळव्याधीत स्नायू कापून काहीच मिळत नाही. तिथे घसरलेली गादी आवरायची असते. पहिल्या-दुसऱ्या आणि काही तिसऱ्या पायरीच्या मूळव्याधीला रबरी कडी बसवतात. अमेरिकेतल्या बॅरन यांनी १९६३ मध्ये ही पद्धत रूढ केली. कडीने रक्त तुटलं की गादीचा तेवढा भाग आठवडा-दहा दिवसांत गळून पडतो. कडी दातेरी रेषेच्या वर बसली तर भूल लागत नाही. खाली बसली तर रुग्ण तिथल्या तिथे सांगतो. कडीनंतर दुखणं वाढतच गेलं, ताप आला आणि लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जावं. संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. मोठ्या, बाहेरच राहणाऱ्या मोडांसाठी मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेली कापून काढण्याची शस्त्रक्रिया अजूनही केली जाते. दुखते भरपूर, टिकतेही भरपूर. स्टेपलर, लेझर, धमनी बांधणं या नव्या पद्धतींत दुखणं कमी, पण मोड परत येण्याचं प्रमाण जरा जास्त. ‘लेझर म्हणजे कायमचा इलाज’ ही जाहिरात झाली.

एकेकाळी दोन्हींवर एकच दणकट उपाय होता: भूल देऊन बोटांनी गुदद्वार जोरात ताणायचं. मूळव्याधीसाठी लॉर्ड या ब्रिटिश सर्जनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो गाजवला. कडं कुठे, किती फाटेल यावर कोणाचंच नियंत्रण नसे, आणि शौचावरचा ताबा गेलेली माणसं मागे राहिली. ती पद्धत आता जवळजवळ मोडीत निघालीय.

दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांबद्दल एकच. बऱ्याच मलमांत भूल देणारं औषध आणि स्टेरॉइड असतं. आठवडाभर ठीक. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पातळ कातडी आणखी सहज चिरते.

आता या दोन्हींत न बसणारं. मळात मिसळून येणारं गडद रक्त, डांबरासारखा काळा मळ, काही आठवड्यांपासून बदललेली शौचाची सवय, पोट साफ झाल्यावरही पुन्हा जायची ओढ, घटलेलं वजन, रक्त कमी झाल्याने येणारा थकवा, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग: यांपैकी काहीही असेल किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे असून रक्त नव्यानेच जायला लागलं असेल, तर मूळव्याध समोर दिसत असली तरी आतडं दुर्बिणीने तपासून घ्यावं. मूळव्याध असणाऱ्याला कर्करोग होत नाही असं थोडंच आहे? चीर मागे किंवा पुढे न होता बाजूला असेल, किंवा असूनही दुखत नसेल, तर क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), क्षय, काही संसर्ग, क्वचित कर्करोग शोधावा लागतो. सतत ठणका, सूज आणि ताप म्हणजे गळू. ते मलमाने जात नाही, फोडूनच काढावं लागतं. आणि एका बारीक तोंडातून पू झिरपत असेल तर तो भगंदर.

फिशर पूर्ण भरल्यानंतरही तो बाहेरचा पहारेकरी कित्येकदा तसाच राहतो, दुखत नाही, रक्त येत नाही. सहा महिन्यांनी धुताना बोटाला लागतो आणि माणूस घाबरून पुन्हा विचारतो, मूळव्याध परत आली का? बरोबर दुखणं किंवा रक्त नसेल, तर बहुधा ती नुसती उरलेली कातडी असते. काढायची तर नडते म्हणून किंवा स्वच्छता जमत नाही म्हणून काढावी.