समाजमाध्यमांचा अतिवापर आणि तरुणांचे मानसिक आरोग्य

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यूट्यूब यांसारखी माध्यमे ठरवूनही आवरता न येणे आणि त्यापायी झोप, अभ्यास, जेवणखाण, घरातले बोलणे मागे पडत जाणे, याला अतिवापर म्हणतात. नुसते तास मोजून तो ठरत नाही. चार तास फोन पाहणारी मुलगी साडेदहाला झोपत असेल, मैदानावर जात असेल, तर फारशी चिंता नाही. दोनच तास पाहणारा मुलगा ते दोन तास रात्री एक ते तीन या वेळात घालवत असेल, तर आहे.

‘मोबाइलचे व्यसन’ हा घरातला शब्द. निदानाच्या यादीत तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली, समाजमाध्यमांना मिळाली नाही. म्हणून समुपदेशक बहुधा बर्गेन मापनश्रेणीचा आधार घेतात. तीत गेल्या वर्षभराबद्दल सहा प्रश्न असतात: सतत तोच विचार येणे, वापर वाढवत नेणे, त्रास विसरण्यासाठी फोन हाती घेणे, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, फोन न मिळाल्यास तगमग, अभ्यास किंवा कामाचे नुकसान. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ६ ते ३०. आकडा मोठा आला म्हणजे निदान झाले असे नव्हे. बोलणे कुठून सुरू करायचे ते कळते.

हात थांबत नाही, याचे कारण रचनेत आहे. पूर्वी पान संपायचे आणि ‘पुढे’ दाबावे लागायचे. तेवढ्यात उठायची आठवण व्हायची. २००६मध्ये एझा रास्किन या रचनाकाराने न संपणारे स्क्रोल तयार केले आणि तो थांबा गेला. (पुढे त्याने स्वतःच याबद्दल खंत व्यक्त केली.) दुसरी गोष्ट अनिश्चित बक्षिसाची. बऱ्याचशा रील कंटाळवाण्या असतात, मधेच एक झकास निघते, आणि ती कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळेच अंगठा वर सरकत राहतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते: दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की चोच मारणे सुटता सुटत नाही. स्नॅपचॅटच्या स्ट्रीकचा, म्हणजे सलग किती दिवस एकमेकांना स्नॅप (फोटो) पाठवले या आकड्याचा, पीळ आणखी वेगळा. चोवीस तासांत दोघांपैकी एकाचाही स्नॅप चुकला तर आकडा शून्यावर येतो, आणि शाळकरी मुलांत ते मैत्री तुटल्यासारखे धरले जाते. वार्षिक परीक्षेच्या सकाळी छताचा फोटो पाठवून स्ट्रीक राखणारी मुले आहेत.

नागपुरात याला उन्हाची जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. खिडकीत कूलर, खाली गादी आणि हातात फोन. मेच्या सुरुवातीला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा संपते, विदर्भातल्या शाळा मात्र जूनच्या शेवटी उघडतात. मधले सात-आठ आठवडे हा वापर वाढण्याचा हंगाम. दुपारी कूलरसमोर झोप झाली की रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि आईची तक्रार सुरू होते, “पोट्टा रातभर मोबाइलच पाहून राह्यला.” गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूरकडून शिकवणीसाठी येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना तर हटकणारेही कुणी नसते. शिकवणीच्या नोट्स, टेस्टचे गुण, शंकांची उत्तरे सगळे ग्रुपवरच येत असल्यामुळे फोन कपाटात टाका हा सल्ला त्यांना लागू पडत नाही. गणिताचा फोटो पाठवायला उघडलेला फोन चाळीस मिनिटांनी खाली ठेवला जातो.

परिणामांत पहिला बळी झोपेचा. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. पडद्याच्या निळ्या प्रकाशाला फार दोष दिला जातो. खरा घात बहुतेकदा झोपायची वेळ पुढे ढकलली जाण्याने आणि मन तापत राहण्याने होतो. झोप तुटली की चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी पाठोपाठ येतात, आणि उदासी घालवायला पुन्हा फोन. दुसरा परिणाम तुलनेचा. फेसबुक कंपनीची अंतर्गत पाहणी २०२१मध्ये बाहेर आली. तीत आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते.

तरीही सगळे खापर फोनवर फोडता येत नाही. ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९मध्ये मोठ्या सर्वेक्षणांची छाननी केली. डिजिटल साधनांचा वापर आणि किशोरांचे स्वास्थ्य यांचा संबंध प्रतिकूल निघाला, पण अगदी किरकोळ: मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के. दुसरीकडे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांच्या २०१८च्या प्रयोगात ज्यांनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटांवर आणले, त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. सरासरीत दिसणारा परिणाम लहान असला तरी आधीच खचलेल्या मुलावर तो मोठा होऊ शकतो, असाच याचा अर्थ लावणे योग्य.

कमी करताना सुरुवात मोजण्यापासून होते. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ उघडून सात दिवसांचे तास, फोन किती वेळा उचलला आणि रात्री अकरानंतर किती वापरला हे लिहून काढावे. तिसरा आकडा सर्वांत कामाचा. त्यानंतर एकच बदल: चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर. ‘अलार्म लागतो’ ही सबब ठरलेली असते, म्हणून साधे गजराचे घड्याळ आधी आणून ठेवावे. मग माणसांचे निरोप सोडून बाकी नोटिफिकेशन बंद, आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर. रोजचा वापर आठवड्याला अर्ध्या तासाने खाली आणला तर टिकतो. एकदम शून्य केलेला बहुधा पहिल्याच रविवारी उसळतो.

फसते कुठे, तेही ठरलेले आहे. अ‍ॅपला लावलेली वेळमर्यादा मुले स्वतःच दोन टिचक्यांत काढतात. इन्स्टाग्रामची किशोर खाती भारतात फेब्रुवारी २०२५पासून आली. त्यांत रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात, पण जन्मवर्ष खोटे टाकले की सगळे मुसळ केरात. फोन हिसकावून घेणे सर्वांत वाईट: दुसरे गुप्त खाते उघडले जाते आणि त्रास देणाऱ्या मेसेजची गोष्ट घरात सांगणे मूल बंद करते. नियम सगळ्यांना सारखा असला की तो चालतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत लहानथोर सगळ्यांनीच फोन-टीव्ही बंद ठेवायचा असतो. बाप जेवताना रील पाहत असेल तर मुलाला बोलण्यात अर्थ उरत नाही.

दोन आठवडे झोप सुधारूनही उदासी, भूक मंदावणे, मित्र टाळणे कायम राहिले तर मूळ दुखणे वेगळे असू शकते: नैराश्य, सामाजिक भीती, एकाग्रतेचा विकार किंवा ऑनलाइन छळ. अशा वेळी फोनचा हिशेब बाजूला ठेवून तपासणी करावी. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स यांचे मानसोपचार विभाग आहेत. कोराडी मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मात्र त्या नावाच्या धास्तीने बरीच घरे आधी मेडिकलला जाणे पसंत करतात, आणि त्यात काही बिघडत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे व मराठीतून बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडी किंवा स्टोरीत आली, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.