नर्स प्रॅक्टिशनर आणि आपली सीएचओ

‘ताई, अमेरिकेतली नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे आपली सीएचओच ना?’ नर्सिंगच्या मुली हे हमखास विचारतात. सीएचओ म्हणजे गावच्या उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी. दोघी व्हिडिओवर रुग्ण पाहतात, दोघी घरी जातात, त्यामुळे गोंधळ होणारच. पण औषधाच्या चिठ्ठीवर सही कुणाची, ते बघा.

नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात सुरू झालं. आधी नोंदणीकृत नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यावर परीक्षा आणि राज्याचा परवाना. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय निदान करते, औषध लिहिते. सही तिची.

आपली सीएचओ उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात असते. बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम ही नर्सिंगची पदविका आणि वर सहा महिन्यांचा कोर्स; महाराष्ट्रात बीएएमएस झालेलेही या पदावर आहेत. ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर ती रुग्णाला शेजारी बसवते, पलीकडे डॉक्टर. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार सल्ला आणि चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरचीच. सीएचओ त्याप्रमाणे गोळ्या देते.

पण म्हणून तिला नुसती निरोप्या समजू नका. पलीकडच्या डॉक्टरला रुग्ण दिसतो तो बराचसा तिच्याच नजरेतून. बीडमधल्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे कर्ती माणसं कारखान्यावर जातात, घरी उरतात म्हातारी आणि नातवंडं. अशा घरी गेलं की बीपी मशीनच्या आकड्याशिवायही बरंच कळतं. पायावर सूज आहे. ‘डोकं दुखत नाही’ म्हणून आजीनं गोळी सोडून दिलीय. ताटात रोज भाकरीबरोबर खाराची फोड. सूनबाई असताना गोळीची आठवण तीच करायची, आता कुणी नाही. यातलं काहीच स्क्रीनवर आपोआप येत नाही. सीएचओनं ते नेमक्या शब्दांत सांगितलं, तरच डॉक्टरला कळतं की औषध वाढवायचं नाही, आधीचंच रोज घ्यायला लावायचंय. मला या कामात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. भारतीय परिचर्या परिषदेचाही क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. पण तो आयसीयूसाठी आहे, गृहभेटींसाठी नाही. नाव तेच दिसलं म्हणून लगेच फॉर्म भरू नका. आधी विचारा: पदवीनंतर काम वॉर्डात की वस्तीवर?