मेन्यू आणि कार्त: फ्रान्समध्ये नक्की काय मागायचं?

मराठीत आपण 'मेन्यू कार्ड' म्हणतो. फ्रेंचमध्ये या जोडीतले दोन्ही शब्द सुटे आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे. 'कार्त' म्हणजे मिळणाऱ्या सगळ्या पदार्थांची यादी, प्रत्येकाची किंमत स्वतंत्र. 'मेन्यू' म्हणजे एका ठरलेल्या किमतीचं, ठरलेल्या क्रमाने येणारं जेवण. आपल्या थाळीसारखंच, पण पदार्थ एकामागून एक येतात आणि पुन्हा कोणी वाढत नाही.

मेन्यूचं मूळ लॅटिन 'मिनुतुस', म्हणजे बारीक. जेवणाचा बारीक तपशील तो मेन्यू. 'मिनिट'ही त्याच मुळाचं. कार्त आलं ग्रीक 'खार्तेस'वरून, म्हणजे पपायरसचा ताव. कार्ड, चार्ट ही त्याचीच भावंडं. पोर्तुगिजांकडून मराठीत आलेलं 'काडतूस'सुद्धा याच घराण्यातलं, कारण पूर्वी बंदुकीची दारू कागदाच्या सुरळीत भरत.

गोंधळाचं कारण इंग्रजी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने 'मेन्यू' घेतला तो यादी या अर्थाने, आणि आपण तो इंग्रजीतून घेतला. 'आ ला कार्त'मध्ये मात्र कार्तचा मूळ अर्थ शाबूत राहिला: यादीतून हवं ते निवडून.

जर्मन फ्रेंचच्या बाजूने आहे. यादी हवी तर 'श्पायझेकार्टं' मागायची. 'मेन्यू' म्हटलं की ठरलेलं जेवण. डच लोक यादीला 'मेन्यूकार्त' म्हणतात, म्हणजे थेट आपलाच जोडशब्द. इटालियनमध्ये नुसता 'मेनू' म्हणजे यादी, ठरलेलं जेवण 'मेनू फिस्सो'. स्पेनमध्ये यादी म्हणजे 'कार्ता', आणि 'मेनू देल दिया' म्हणजे दुपारचं ठराविक जेवण: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड किंवा कॉफी, सोबत पाव आणि बहुधा एक पेय. त्याची मुळं 1960च्या दशकात सरकारने पर्यटकांसाठी हॉटेलांवर घातलेल्या 'मेनू तुरिस्तिको'च्या सक्तीत आहेत.

फ्रान्समध्ये पाटी वाचताना 'ऊ' या छोट्या शब्दावर नजर ठेवा. तो 'किंवा' आहे. 'आंत्रे + प्ला ऊ प्ला + देसेर' याचा अर्थ तीन नव्हे, दोनच पदार्थ: सुरुवातीचा आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. अशा दोन पदार्थांच्या जोडीला बहुतेक ठिकाणी 'फॉर्म्यूल' म्हणतात. (आंत्रे फ्रान्समध्ये सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थाला वापरतात, तिथेही लोक फसतात.) पदार्थापुढे 'सुप्लेमाँ' आणि आकडा असेल, तर तो निवडल्यास तेवढे युरो जास्त. 'बुआसाँ काँप्रीज' लिहिलेलं नसेल, तर पेयाचे पैसे वेगळे धरा. जेवणासोबत नळाचं पाणी मात्र फुकट मिळतं, 'कराफ दो' म्हणून मागायचं. 'मिदी' म्हणजे फक्त दुपारी.

बर्गरच्या दुकानात 'मेन्यू' म्हणजे बर्गर, बटाट्याचे तळलेले काप आणि पेय. नुसता बर्गर हवा तर 'सल' म्हणा.

शाकाहारी असाल तर कार्तच मागा. मेन्यूत मुख्य पदार्थाला पर्याय दोन-तीनच असतात, आणि ते सगळे मांस-माशांचे निघू शकतात. कार्तवरून दोन आंत्रे घेतले, तरी जेवण होतं.