पार्श्वभूमी : पडद्याचा फोटो, फोनवर

‘मोबाइलद्वारे मोफत नेत्रतपासणी’ असं फलकावर लिहिलेलं असतं, तेव्हा आत तीन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असू शकतात. फोनच्या पडद्यावर अक्षरं दाखवून नजर मोजणं, लाल झालेल्या डोळ्याचा बाहेरून फोटो काढून डॉक्टरांना पाठवणं, किंवा बाहुलीतून आत डोकावून डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो घेणं. पहिल्या दोहोंबद्दल फारसं भांडण नाही. हे टिपण तिसऱ्या गोष्टीपुरतं.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघता येईल असं उपकरण १८५१ मध्ये जर्मनीत आलं. त्याचा फोटो काढणारा, बाजारात विकत मिळणारा कॅमेरा आला १९२६ मध्ये. पुढची कित्येक वर्षं हा कॅमेरा बहुतेक ठिकाणी टेबलाला बांधलेलाच राहिला. हनुवटी टेकवायची पट्टी, अंधारी खोली, शिकलेला तंत्रज्ञ, आणि लाखांतली किंमत. मधुमेहाने पडद्याला इजा होऊ शकते, पण शुगरचा रुग्ण गावातल्या आरोग्य केंद्रात आणि कॅमेरा जिल्ह्याच्या ठिकाणी, हा पेच तिथूनच आला.

बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला उजेड आला त्याच वाटेने परत जातो आणि त्या वाटेवर आपला डोळा नसतो. म्हणून दिवा आणि बघणारा जवळजवळ एका रेषेत लागतात. फोनमध्ये भिंगाच्या अगदी शेजारी दिवा असतो, आणि २०१०च्या आसपास डोळ्यांच्या डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं. रीत अशी : थेंब घालून बाहुली मोठी करायची. एका हातात २० डायॉप्टर ताकदीचं भिंग डोळ्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर धरायचं, त्याच हाताच्या मोकळ्या बोटाने पापणी वर उचलायची, दुसऱ्या हातात लांब धरलेला फोन. फोटो काढायचा नाही, व्हिडिओ घ्यायचा, म्हणजे दिवा सतत पेटता राहतो. पडदा उलटा दिसतो. नंतर त्या व्हिडिओतलं एखादं स्वच्छ दृश्य निवडायचं. पापणीच्या केसांवरच फोकस जाऊन बसणं ही नेहमीची कटकट. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यावर चक्क चित्रपट काढणाऱ्यांचं अ‍ॅप वापरलं, कारण त्यात फोकस आणि उजेड हाताने ठरवता येत होता. भारतातल्या डॉक्टरांनी पीव्हीसीच्या पाइपच्या एका टोकाला भिंग आणि दुसऱ्या टोकाला फोन बसवून हातांची थरथरच संपवली. मला या सगळ्या इतिहासातला हा पाइपच सर्वांत जास्त आवडतो. बंगळूरुत तयार झालेल्या यंत्रात भिंगं, दिवा सगळं स्वतंत्र आलं. फोन मागे अडकवायचा.

त्यानंतर गाडी फोटो काढण्यावरून फोटो वाचण्याकडे वळली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने १,२८,१७५ फोटोंवर शिकवलेली, मधुमेहाने पडद्याला झालेली इजा फोटोवरून ओळखणारी संगणक प्रणाली जाहीर केली. त्यातले बरेच फोटो भारतातल्या नेत्ररुग्णालयांचे होते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने डॉक्टरांशिवाय निकाल देणाऱ्या यंत्राला पहिल्यांदा परवानगी दिली. ते फोनचं नव्हतं, टेबलावरच्या कॅमेऱ्याचं होतं. पण त्याच्या उत्तरांची भाषा लक्षात ठेवण्यासारखी आहे : एक तर ‘डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा’ किंवा ‘बारा महिन्यांनी पुन्हा फोटो काढा’. ‘तुमचे डोळे चांगले आहेत’ असं ते म्हणत नाही.

इथे मराठीत आपली पंचाईत होते. इंग्रजी ‘स्क्रीनिंग’लाही आपण तपासणी म्हणतो आणि डॉक्टर समोर बसवून सगळा डोळा पाहतात त्यालाही तपासणीच. पहिलीला खरं तर चाळणी म्हणायला हवं. स्पर्धा परीक्षांमुळे ‘चाळणी परीक्षा’ घराघरात माहीत आहे आणि ती पास झाल्याने नोकरी लागत नाही हेही सगळ्यांना कळतं. आरोग्यखात्याच्या मराठीत मात्र हा शब्द रुजला नाही. परिणाम असा की मधुमेहाने पडद्याला झालेली इजा शोधणाऱ्या फोनने ‘काही नाही’ म्हटलं, की माणूस ‘डोळे तपासून झाले’ असं सांगत घरी जातो. फोनने काचबिंदूकडे पाहिलेलंच नसतं. चष्म्याचा नंबर तर लांबच.

दुसरी गुंतागुंत आकड्यांची आहे, आणि तिचं उत्तम उदाहरण मुंबईतलं. २०१८ मध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत फोनचा कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय फोनवरच चालणारी प्रणाली वापरून पाहिली गेली. फोटो काढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला अशा कॅमेऱ्याचा आधीचा अनुभव नव्हता. पुढच्या वर्षी निष्कर्ष छापून आले, आणि बहुतेकांच्या लक्षात राहिला तो एकच आकडा : पुढे पाठवण्याजोगा आजार ओळखण्यात १०० टक्के.

आकडा खोटा नाही. पण तो १५ जणांचा आहे. निष्कर्षात धरलेल्या २१३ जणांपैकी तेवढ्यांनाच तसा आजार होता आणि ते सगळे सापडले. उरलेल्या १९८ पैकी साधारण २३ जणांना फोनने विनाकारण पुढे पाठवलं असतं. चाळणीच्या कामात हे चालतं. उलटी चूक महाग पडते. मला खटकतं ते वेगळंच. विचारलं होतं २५५ जणांना. २३१ तयार झाले. त्यांतल्या १८ जणांचे फोटो डॉक्टरांनाही वाचता आले नाहीत, म्हणून ते हिशेबातून वगळले.

प्रणालीची परीक्षा घेताना असं वगळणं रास्तच म्हणावं लागेल. जो फोटो डॉक्टरांनाच वाचता येत नाही, त्यावर फोनचं उत्तर ताडून कशाशी बघणार? दवाखान्यात मात्र त्या माणसाचं काय करायचं हे ठरवावंच लागतं. फोटो धूसर येतो तो बाहुली लहान असली तर, डोळा हलला तर, किंवा मोतीबिंदू असला तर. म्हणजे ज्याचा फोटो येत नाही त्याला डॉक्टरांची गरज बहुधा जास्तच. अशांना सरळ पुढे पाठवा असं एक मत. तसं केलं तर रुग्णालयातली गर्दी वाढते आणि फोनने वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो, असं दुसरं. माझं मत पहिल्या बाजूचं आहे.

थेंब घालून बाहुली मोठी केली तर धूसर फोटो कमी होतात. पण थेंब चढायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, आणि नंतर काही तास जवळचं वाचता येत नाही, उजेड सोसत नाही. सकाळी शुगरच्या गोळ्या घ्यायला आलेला, दहा वाजता कामावर पोहोचायचं असलेला माणूस याला सहसा तयार होत नाही. मुंबईत जे २४ जण नाही म्हणाले, त्यांचं मुख्य कारणही थांबायला लागेल हेच होतं.