फाऊल झाला की खेळ थांबतो? नाही, भावा!

गांधी मैदानाच्या कट्ट्यावर बेसबॉलचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच, "फाऊल म्हणजे डेड बॉल. धावणाऱ्यानं गप जागेवर परतायचं." (फाऊल म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, डेड म्हणजे खेळ थांबलेला चेंडू.) हे अर्धंच खरं आहे.

फाऊल उडालेला चेंडू कुणी झेलला नाही, तरच तो डेड होतो. अंपायर दोन्ही हात वर करतो, धावणारे आपापल्या बेसवर परततात. पण तोच चेंडू फिल्डरनं हवेत झेलला तर बॅटर बाद आणि चेंडू जिवंत! समजा तिसऱ्या बेसवर धावणारा उभा आहे आणि रेषेबाहेर लांब झेल घेतला गेला. फिल्डरचा चेंडूला पहिला स्पर्श होताच धावणारा बेस सोडून थेट होमकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसकडे, सुटू शकतो. म्हणून हुशार अंपायर झेल पूर्ण होईपर्यंत हात वर करायची घाई करत नाही. बॅटला चाटून थेट बॅटरमागच्या कॅचरच्या हातात विसावलेली फाऊल टिपही जिवंतच. तिच्यावर बेस चोरता येतो, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठता येतो.

क्रिकेटची सवय इथं घात करते. क्रिकेटमध्ये चेंडू अंपायरला लागला तरी खेळ चालूच राहतो. बेसबॉलमध्ये फिल्डरनं फेकलेला चेंडू लागला तर तसंच. पण बॅटरनं मारलेला फेअर (रेषांच्या आतला) चेंडू इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) ओलांडण्याआधी अंपायरवर आदळला, तर डेड आणि बॅटरला पहिला बेस.

डेड चेंडू आपोआप जिवंत होत नाही. पिचर चेंडू घेऊन रबरवर, म्हणजे त्याच्या फेकीच्या पट्टीवर, उभा राहतो, मग होममागचा अंपायर म्हणतो, "प्ले!"