मुक्कामाची जागा आणि पिण्याचे पाणी

मुक्कामाची जागा आणि पिण्याचे पाणी : पायी भटकंतीत, गिर्यारोहणात किंवा लांबच्या प्रवासात उघड्यावर रात्र काढायची वेळ येते, तेव्हा तंबू कुठे ठोकायचा आणि पाणी कुठले प्यायचे, असे दोन प्रश्न पडतात. ते वेगवेगळे मानण्याची चूक फार जण करतात. पाणी हाताशी हवे म्हणून माणूस ओढ्याकाठी उतरतो. रात्री तोच ओढा फुगू शकतो, आणि काठावर राहणाऱ्यांच्या हातून सगळ्यात आधी तोच घाण होतो. म्हणून जागा निवडताना पाण्याचा विचार आणि पाणी घेताना जागेचा विचार एकत्रच करावा लागतो.

पिणे आणि स्वयंपाक मिळून एका माणसाला दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी लागते. उन्हात चढण असेल तर त्याहून जास्त. लिटरभर पाण्याचे वजन १ किलो, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे पाणी पाठीवर नेणे बहुतेकांना झेपत नाही. पाणवठा गाठावाच लागतो. मात्र तंबू त्याच्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावले दूर असावा, असा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. भांडी घासणे, अंघोळ, साबणाचे पाणी ओतणे हेही या अंतरापलीकडेच करायचे. शौचासाठी तितक्याच अंतरावर १५ ते २० सेंमी खोल खड्डा खणून तो नंतर मातीने बुजवतात. या थरातली माती जिवंत असते, तिच्यातले सूक्ष्मजीव घाण कुजवतात आणि पावसाचे पाणी ती सरळ ओढ्यात वाहून नेत नाही. ‘जैवविघटनशील’ असे लिहिलेला साबणसुद्धा मातीतच विघटित होतो; वाहत्या पाण्यात तो सोडण्याला ही सबब चालत नाही.

पुराची जागा ओळखणे : सपाट, मऊ, वाळूची, झुडपांच्या आडोशाची जागा थकलेल्या माणसाला आपोआप खेचून घेते. ती सपाट कशामुळे झाली, हे मात्र विचारले पाहिजे. डोंगरातून ओढा मैदानात उतरतो तिथे त्याने आणलेल्या दगडमातीचा पंख्यासारखा पसरट उंचवटा तयार होतो. त्याला जलोढ पंखा म्हणतात. वर्षानुवर्षे तो कोरडा, हिरवा, निवांत दिसतो. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बिएस्कास गावाजवळ अशाच पंख्यावर पर्यटकांसाठी तंबूंचा तळ होता. ७ ऑगस्ट १९९६ रोजी संध्याकाळी वरच्या पाणलोटात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, गाळ अडवण्यासाठी बांधलेले छोटे बंधारे एकामागून एक फुटले आणि पाणी, चिखल, दगड यांचा लोंढा तळावर येऊन आदळला. ८७ माणसे मेली. तिथे उतरलेल्या कुटुंबांनी कुठलाही बेफिकीरपणा केला नव्हता. जागाच मुळात पाण्याची होती.

पाण्याने आपली हद्द कुठवर आहे हे बहुधा लिहून ठेवलेले असते, फक्त ते वाचायला खाली न बघता वर बघावे लागते. काठावरच्या झुडपाच्या फांद्यांत वाळलेले गवत, काटक्या, प्लास्टिकची चिंधी अडकलेली दिसते, ती सगळी एकाच बाजूला, प्रवाहाच्या दिशेने लोळलेली. खोडावर एका ठरावीक उंचीपर्यंत राखाडी गाळाचा पुसट लेप असतो. नखाने खरवडला तर भुगा पडतो. हा लेप कमरेएवढ्या उंचीवर असेल, तर पाणी तेवढे चढले होते. तंबू त्या रेषेच्या बराच वर हवा. कोरडे पात्र, नदीतले वाळूचे बेट, अरुंद घळ या जागा आभाळ निरभ्र असतानाही टाळाव्यात, कारण पाऊस कित्येक किलोमीटर वर पडतो आणि इथे फक्त पाणी पोचते. रात्री प्रवाहाचा आवाज बदलला, पाणी एकदम गढूळ झाले किंवा पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, तर सामान आवरत बसू नये. आधी माणसे वर चढवावीत.

बाकी गोष्टी थोडक्यात. डोक्यावर वाळकी फांदी किंवा पोकळ झाड नसावे. दरडीच्या पायथ्याशी ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले असतील तर तिथे आणखी पडणार आहेत. डोंगराच्या धारेवर किंवा एकट्या उंच झाडाखाली वीज पडण्याचा धोका असतो. दरीच्या अगदी तळाला रात्री थंड हवा साचते, दव जास्त पडते. थोडे वर सरकले तरी ऊब आणि कोरडेपणा दोन्ही मिळतात. साचलेल्या पाण्याजवळ डास असतात, आणि जनावरांच्या पायवाटा पाणवठ्यावरच येऊन मिळतात, म्हणून त्या वाटेवर झोपू नये. समुद्रकाठी भरतीची रेषा पाहावी. बंद तंबूत चूल किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

पाणी : स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असेलच असे नाही. नितळ झऱ्याच्या वरच्या अंगाला एखादे जनावर मरून पडलेले असू शकते किंवा गुरे चरत असतात. त्यातल्या त्यात चांगले पाणी म्हणजे जमिनीतून उगम पावते त्याच जागी घेतलेले. त्याच्या खालोखाल वस्ती, शेती आणि चराऊ रान यांच्या वर असलेले वाहते पाणी. बर्फ वितळवून केलेले पाणीही निर्जंतुक नसते.

पाण्यातल्या रोगजंतूंचे तीन गट लक्षात ठेवावेत, कारण प्रत्येक उपाय तिघांनाही पुरत नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे आदिजीव, म्हणजे एकपेशीय जीव, आकाराने सर्वांत मोठे, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जिवाणू त्यांच्याहून लहान. कावीळ-अ (हिपॅटायटिस ए) किंवा नोरोव्हायरस यांसारखे विषाणू इतके बारीक की साध्या गाळणीतून सहज निघून जातात. जिआर्डियाचे दहा-एक कोश (कवचातले सुप्त जीव) पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. तेवढे तर एका घोटातही मावतात.

उकळणे हा या तिन्हींवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर १ मिनिट, आणि २,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर ३ मिनिटे उकळू द्यावे. तळाशी बारीक बुडबुडे धरले म्हणजे उकळी नव्हे. सगळे पाणी खालीवर ढवळून निघाले पाहिजे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, ५,००० मीटरवर सुमारे ८३ अंश सेल्सिअसला, म्हणून पुष्कळांना तिथे उकळण्यावर विश्वास वाटत नाही. पण बहुतेक रोगजंतू ७० अंशांच्या वर मरू लागतात, त्यामुळे तिथली उकळीही पुरते. अडचण इंधनाची आणि थांबण्याची असते, आणि तहानेने जीव कासावीस झाला असताना पाणी निवेपर्यंत धीर धरायची.

पोकळ तंतूंच्या गाळण्या हलक्या आणि झटपट असतात. ०.१ ते ०.२ मायक्रॉनची छिद्रे जिवाणू आणि आदिजीव अडवतात, विषाणू नाही. मनुष्यवस्तीच्या खालच्या पाण्यासाठी नुसती अशी गाळणी पुरेशी मानू नये. वापरलेली, ओलसर गाळणी एकदा गोठली की तंतू फुटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. कडक थंडीत ती रात्री उशाशी, झोपायच्या पिशवीत ठेवावी लागते.

क्लोरीन किंवा आयोडीनच्या गोळ्या जिवाणू-विषाणूंवर चालतात. साधारण अर्धा तास थांबावे लागते, गार पाण्यात अधिक. क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये याच आदिजीवाने अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले, आणि ते नळाचे, क्लोरीन घातलेले पाणी होते. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्याला मारतात, पण चार तास लागतात. गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी आयोडीन टाळावे. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते; पाणी आधी निवळू द्यावे, तुरटी फिरवावी, फडक्यातून गाळावे. हेच पाणी निर्जंतुक करणाऱ्या अतिनील किरणांच्या दिव्यालाही लागू आहे. काहीच साधन नसेल तर पारदर्शक पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ दिसणारे पाणी भरून ती कडक उन्हात ६ तास, ढगाळ हवेत २ दिवस आडवी ठेवतात.

गोळीचे पाणी करताना एक बारीक चूक नेहमी होते. बाटली ओढ्यात बुडवून भरलेली असते, त्यामुळे तोंडाच्या आट्यांमध्ये आणि झाकणात कच्चे पाणी राहते. आतले पाणी शुद्ध होते आणि ओठ टेकतात ते आटे तसेच. म्हणून गोळी विरघळल्यावर झाकण थोडे सैल करून बाटली उलटी करावी, औषधी पाणी आट्यांतून झिरपू द्यावे आणि मग झाकण घट्ट करून वेळ मोजावी. कच्च्या आणि शुद्ध पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात, त्यांना खूणही करावी.

काही पाणी कुठल्याच उपायाने पिण्याजोगे होत नाही. खाणीच्या किंवा कारखान्याच्या खालचे, फवारणी झालेल्या शेतातून आलेले, तेलाचा तवंग असलेले पाणी उकळले तर त्यातली रसायने उलट दाट होतात. तळ्यावर रंग सांडल्यासारखा निळा-हिरवा थर दिसला तर ते सायनोबॅक्टेरिया असू शकतात. त्यांचे विष उकळूनही जात नाही. अशा वेळी पुढचा पाणवठा गाठणे किंवा परत फिरणे एवढेच उरते.

जिआर्डियाची लक्षणे साधारण एक ते दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर भटकंती संपून माणूस घरी आलेला असतो आणि बिघडलेल्या पोटाचे खापर कालच्या जेवणावर फुटते. पोट फुगणे, दुर्गंधीयुक्त तेलकट शौच, वजन घटणे असे काही दिवस चालले, तर डॉक्टरांना मागच्या महिन्यात कुठे मुक्काम केला आणि कुठले पाणी प्यायलो हे आपण होऊन सांगावे.